वाटेवरचा दोरा

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आमच्या वाडीवरच्या एका गोठ्यातून कालवड गेली. ओढत नेल्याची खूण ओढ्याच्या काठाने उसापर्यंत गेली होती आणि तिथे संपली होती. तासाभरात वाडीत तट पडले. बहुतेकांचं म्हणणं, बिबट्याच, पिंजरा मागवा. दोघे-तिघे म्हातारे तरसावर अडून बसले. एकजण मोकाट कुत्र्यांचं नाव घेत होता. ठसे बघून ठरवावं, तर सकाळपासून वीसेक माणसं त्या ठशांवरून चालून गेली होती.

मी वन्यजीवांचा अभ्यासक नाही, जुन्या कागदांत रमणारा माणूस आहे. वादाचा निकाल कागदाने लावावा ही माझी जुनी खोड, म्हणून मी एक ट्रेल कॅमेरा विकत आणला. हिरव्या-तपकिरी रंगाची, डब्याएवढी वस्तू. पट्ट्याने झाडाला बांधायची आणि निघून यायचं. समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढतो. ओढ्याच्या उताराजवळच्या बाभळीला मी तो बांधला. आठवड्याने कार्ड काढून पाहिलं तर १,१४० फोटो. त्यांपैकी हजाराच्या आसपास फोटोंत फक्त गवत होतं. उरलेल्यांत आमचाच बैल, शेजाऱ्याचं कुत्रं, बगळे, आणि कॅमेरा बांधून परत जाणारी माझी पाठ.

चूक माझी होती, पण ती समजायला यंत्राचं पोट उघडून बघावं लागलं. या कॅमेऱ्याला हालचाल ‘दिसत’ नाही. त्याच्या आतल्या सेन्सरला कळते ती उष्णता, आणि तीही किती आहे ते नव्हे, तर कुठे बदलली ते. समोरच्या पट्ट्याचे तो अदृश्य भाग पाडतो. एका भागातून दुसऱ्या भागात उबदार काही सरकलं की त्याला जाग येते. म्हणून आडवा जाणारा प्राणी त्याला लगेच कळतो, सरळ अंगावर चालत येणारा उशिरा कळतो. उन्हाने तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं तरी त्याला कुणीतरी आल्यासारखं वाटतं. उलट वैशाखातल्या दुपारी जमीन जनावराच्या अंगाइतकी तापली की समोरून बैल गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. मी कॅमेरा छातीच्या उंचीवर, पश्चिमेकडे तोंड करून, गुडघाभर गवतासमोर बांधला होता. तो गुडघ्याच्या उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून, वाटेला काटकोनात न ठेवता किंचित तिरपा बांधायचा आणि समोरचं गवत विळ्याने साफ करायचं. हे कळल्यावर पुढच्या आठवड्यात ९० फोटो निघाले आणि त्यांतला एकही गवताचा नव्हता.

विकत घेताना मी फोटोच्या मेगापिक्सेलकडे पाहिलं होतं. ते सर्वांत कमी महत्त्वाचं. पाहायचं असतं ते जाग येण्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो ते. यंत्र दीड सेकंद आळस देत बसलं तर फोटोत फक्त शेपटी सापडते. दुसरं, रात्री उजेड कुठला पडतो ते. पांढरा फ्लॅश रंग दाखवतो, पण जनावर बिचकतं आणि चोरालाही कॅमेरा सापडतो. अवरक्त उजेडात फोटो काळा-पांढरा येतो. त्यातही ८५० नॅनोमीटरचा दिवा लांबवर पोचतो, पण काळोखात त्याचा लालसर ठिपका दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण त्याचा उजेड तोकडा. आणि घड्याळ आधी लावायचं. तारीख-वेळ चुकीची पडली तर फोटो म्हणजे नुसतं चित्र, पुरावा नव्हे.

पुरावा हा शब्द आला आणि माझं मूळचं व्यसन जागं झालं. झाडाला बांधून ठेवलेल्या यंत्रावर माणसं साक्षीदारासारखा विश्वास केव्हापासून टाकू लागली? मागे मागे जात राहिलो तर सगळ्या वाटा एका दोऱ्याशी जाऊन थांबल्या.

*

जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे मांडले आणि त्यांच्या झडपांना जोडलेले दोरे पट्टीवर आडवे ताणले. लेलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य माणसाची घोडी दौडत गेली, एकेक दोरा तुटत गेला आणि एकेक फोटो निघत गेला. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच क्षणी अधांतरी असतात का, हा त्या वेळचा वाद त्यातून मिटला. आपल्या कामाचं त्यात एवढंच की फोटो काढण्याची कळ जनावराच्या पायाशी गेली. पण ती घोडी पाळीव होती, तिचा मार्ग आखलेला होता आणि वेळ ठरलेली होती. रानातल्या जनावराचं यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

तो पुढचा टप्पा जॉर्ज शिरास (तिसरा) याने गाठला. हा पेनसिल्व्हेनियातला वकील. बाप अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती. हा स्वतः १९०३ ते १९०५ तिथल्या संसदेत होता आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना संरक्षण देणारं विधेयक त्याने १९०४ साली मांडलं. लहानपणापासून तो मिशिगनमध्ये सुपीरियर सरोवराजवळच्या रानात शिकारीला जायचा. तिथल्या ओजिब्वे लोकांची रात्रीच्या शिकारीची एक पद्धत होती. होडीच्या नाळेवर तसराळ्यात आग पेटवायची आणि आवाज न करता काठाकाठाने जायचं. पाण्यावर आलेलं हरीण त्या उजेडाकडे बघत जागीच खिळतं, त्याचे डोळे चकाकतात आणि त्या दोन ठिपक्यांमधे नेम धरायचा. १८९० च्या दशकात शिरासने हीच होडी, हीच रात्र, हाच उजेड घेतला आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. मॅग्नेशियमची भुकटी भपकन पेटायची आणि काचेच्या पट्टीवर हरीण उमटायचं. या रात्रीच्या छायाचित्रांना १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पारितोषिक मिळालं.

होडी जिथे जात नाही तिथलं काय? तिथे त्याने वाटेवर दोरा ताणला, कधी दोऱ्याच्या टोकाला आमिष बांधलं. जनावराने ओढ दिली की भपका उडायचा. त्याच्या घेतलेल्या ७४ छायाचित्रांनी नॅशनल जिओग्राफिक मासिकाचा जुलै १९०६ चा अंक भरला. शास्त्रीय मासिकाचं चित्रांचं पुस्तक झालं, या रागाने संस्थेच्या दोन संचालकांनी राजीनामे दिले अशी हकिकत सांगितली जाते. त्या मासिकाचं पुढे काय झालं ते आपण सारेच जाणतो.

मला या कथेत खटकतं ते वेगळंच. शिरासला या विद्येचा जनक म्हणण्याचा प्रघात आहे. पण उजेडाने जनावर खिळतं हे ठाऊक असणं, ते कुठल्या काठावर कुठल्या प्रहरी उतरतं हे ठाऊक असणं, आवाज न करता तिथवर जाता येणं, हे सगळं ओजिब्वे शिकाऱ्यांचं होतं. त्यात शिरासची भर कॅमेऱ्याची. भर मोठी आहे, यात वाद नाही. पण आपल्याकडच्या एखाद्या फासेपारध्याला हा दोरा दाखवला असता तर त्याला त्यात नवं काय वाटलं असतं? वाट ओळखायची, वाटेवर योग्य उंचीला फास लावायचा आणि वाऱ्याची दिशा बघून दूर जाऊन बसायचं, हेच तर त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. सशा-हरणांसाठी ताणायच्या जाळ्याला आपल्याकडे वाघूर म्हणतात. (शब्द संस्कृत ‘वागुरा’पासून आला, वाघाशी त्याचा संबंध नाही, जरी तसं सांगणारे भेटतात.) कॅमेरा ट्रॅपला ‘सापळा’ म्हणणं म्हणूनच चूक नाही. तो शिकारीच्याच कुळातला आहे.

*

भारतात हा दोरा आणला फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन याने. मराठी वाचकाला जिम कॉर्बेट अनुवादांमुळे घरचा झाला. चॅम्पियनचं नाव मात्र जंगलवाल्यांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी घेत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण कॉर्बेटला बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलायची ओढ लागली ती चॅम्पियनची वाघाची छायाचित्रं पाहून.

चॅम्पियनचा जन्म १८९३ चा. वडील कीटकशास्त्रज्ञ, भाऊ हॅरी पुढे भारतातल्या वनप्रकारांच्या वर्गीकरणासाठी प्रसिद्ध झाला. फ्रेडरिक १९१३ मध्ये हिंदुस्थानात आला तो पोलीस खात्यात. पहिल्या महायुद्धानंतर संयुक्त प्रांताच्या वनसेवेत गेला. शिवालिकच्या पायथ्याची साल वृक्षांची रानं त्याच्या ताब्यात होती. त्या काळी साहेबाने वाघ पाहायचा तो मचाणावरून किंवा हाक्यात, आणि पाहिल्यावर गोळी घालायची, हा शिरस्ता. चॅम्पियनला मेलेल्या वाघाशेजारी उभं राहण्यात रस नव्हता. वाघ आपल्या वाटेने एकटा चालला असताना कसा दिसतो, हे त्याला पाहायचं होतं, आणि ते माणूस समोर असताना दिसणं अशक्यच. म्हणजे माणसाने तिथून उठून जायचं आणि मागे दोरा ठेवायचा.

हे करायला किती जाणावं लागत असेल याचा अंदाज मला माझ्या १,१४० फोटोंनंतर आला. माझं यंत्र हजार चुका करू शकतं. त्याच्या भपक्याची भुकटी एकदाच पेटायची. एका रात्रीत एका कॅमेऱ्याला एकच फोटो. आधी कोल्हा आला तर ती रात्र कोल्ह्याची. म्हणून तार अशा उंचीला ताणायची की लहानसहान जनावर खालून जावं आणि वाघाचाच पाय अडकावा. वाट अशी निवडायची की वाघ नक्की तिथूनच जाईल. वाघाला काट्याकुट्यातून अंग घासत जायला आवडत नाही. कोरडे नाले, जंगलातले गाडीरस्ते, पायवाटा, म्हणजे माणसाच्याच वाटा, त्याला रात्री सोयीच्या पडतात. हे पुस्तकात वाचून कळत नाही, रोज सकाळी धुळीतले ठसे वाचून कळतं.

ऑक्टोबर १९२५ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने त्याचा वाघ मोठ्या थाटात छापला. १९२७ साली त्याचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आलं, १९३४ साली दुसरं. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आजचं कॉर्बेट, स्थापन झालं. त्यासाठी झटणाऱ्यांत कॉर्बेटबरोबर चॅम्पियनही होता. १९४७ मध्ये तो देश सोडून टांगानिकाला गेला, तिथेही वनखात्यातच.

त्याच्या कामातली एक गोष्ट त्या वेळी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. एकाच वाटेवर निघालेले वेगवेगळ्या रात्रींचे फोटो शेजारी ठेवल्यावर त्याला दिसलं की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरून कोणता वाघ आला होता ते ओळखता येतं. योगायोग असा की त्याच साली, १९२७ मध्ये, हजारो मैलांवर पनामात फ्रँक चॅपमन हा पक्षीशास्त्रज्ञ हेच करत होता. पनामा कालव्यासाठी धरण बांधल्यावर पाणी चढलं आणि एक टेकडी बेट होऊन उरली, तिचं नाव बारो कोलोरॅडो. तिथल्या पायवाटांवर चॅपमनने तारा ताणल्या, केळी ठेवली आणि प्यूमा, ऑसेलॉट, टापीर यांचे फोटो मिळवले. मेलेल्या कातड्यांची मोजदाद करण्यापेक्षा जिवंत प्राण्यांची करावी, हा त्याचा आग्रह होता. फोटो आता नुसता देखावा राहिला नव्हता. त्यातून ‘किती’ हा प्रश्न विचारता येत होता.

तो प्रश्न नीट विचारायला मात्र आणखी ६० वर्षं जावी लागली.

*

मधल्या काळात भारतात वाघ मोजले गेले ते ठशांवरून. सरोजराज चौधरी या ओडिशातल्या वनाधिकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली: ठशावर काच ठेवून आकार गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि आकारांवरून वाघ वेगळे ओळखायचे. १९७२ साली देशात १,८२७ वाघ निघाले आणि पुढच्या साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. या पद्धतीची आज सरसकट टिंगल होते, ती मला पटत नाही. हजारो वनरक्षकांना तिने पायी रान तुडवायला लावलं. पण तिचं गृहीतक कच्चं होतं. एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत एक, बारीक धुळीत दुसरा, उतारावर तिसरा दिसतो. आणि मोजणाऱ्याच्याच कामाची परीक्षा त्याच्या आकड्यावर होणार असेल तर आकडा कोणत्या बाजूला झुकणार हे सांगायला नको.

या शंका उल्हास कारंथ पूर्वीपासून मांडत होते. कर्नाटकातल्या नागरहोळेत त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वाटांवर कॅमेरे लावले. आता दोरा नव्हता. वाटेच्या आरपार अवरक्त किरण सोडलेला असे, तो अडला की फोटो निघायचा. वाघाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना एकेक कॅमेरा. पण खरी नवी गोष्ट यंत्रात नव्हतीच. ती हिशोबात होती, आणि १९९५ च्या त्यांच्या निबंधात ती मांडलेली आहे.

तो हिशोब शेततळ्यावर समजतो. तळ्यात मासे किती? जाळं टाकून दहा पकडा, खूण करून सोडून द्या. चार दिवसांनी पुन्हा दहा पकडा. त्यांतल्या चारांवर खूण सापडली, तर खूण केलेले दहा हे एकूण माशांच्या दहांत चार या प्रमाणात असणार. म्हणजे तळ्यात सुमारे २५ मासे. वाघाला खूण करावी लागत नाही, ती त्याच्या अंगावर जन्मतःच असते. पहिल्यांदा दिसलेला वाघ पुन्हा किती वेळा दिसतो, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. आपल्याला काय दिसलं नाही याचाही हिशोब ठेवणं, हे या पद्धतीचं वैशिष्ट्य. जुन्या मोजणीला हे कधीच जमलं नव्हतं. ती सगळे मोजले असं समजून चालायची.

याची किंमत कळली ती सारिस्कामध्ये. राजस्थानातल्या या प्रकल्पात कागदावर डझनाहून अधिक वाघ होते आणि २००५ च्या आरंभी रानात एकही नव्हता. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि मोजणीला त्याची गंधवार्ता नव्हती. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालच्या व्याघ्र कृती दलाने त्याच साली अहवाल दिला आणि पद्धत बदलली. ठशांनी २००२ साली ३,६४२ वाघ सांगितले होते. नव्या पद्धतीने २००६ च्या फेरीत १,४११ सांगितले. चार वर्षांत दोन हजार वाघ मेले असा त्याचा अर्थ नव्हे. दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि त्यांची वजाबाकी करता येत नाही. वर्तमानपत्रांनी ती केली.

आता हे काम अफाट झालं आहे. २०१८ च्या फेरीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि त्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले. त्यांतले वाघाचे ७६,६५१. म्हणजे हजार फोटोंमागे वाघ जेमतेम दोनदा. हा आकडा वाचल्यापासून मला माझ्या गवताची लाज वाटेनाशी झाली.

पट्ट्यांच्या या नोंदवहीचा एक ताजा दाखला आपल्या मराठवाड्यातला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला. तिथे वाघ असल्याचं जिवंत माणसांच्या आठवणीतही क्वचितच असेल. फोटोतले पट्टे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वरमधला निघाला. चारशे किलोमीटरांहून जास्त अंतर, मधे शेतं, महामार्ग, गावं. इतकी गावं ओलांडताना तो किती माणसांच्या वाटांनी चालला असेल! ठशांवरून हे कुणालाही सांगता आलं नसतं.

एवढे कॅमेरे स्वस्तात मिळाले कसे, याचं उत्तर गमतीचं आहे. ते शास्त्रज्ञांसाठी बनलेच नव्हते. अमेरिकेतल्या हौशी हरीण-शिकाऱ्यांना मोठ्या शिंगांचा नर कुठल्या वाटेने किती वाजता जातो हे घरबसल्या हवं होतं. त्या गिऱ्हाइकासाठी ‘ट्रेल कॅमेरे’ लाखांनी निघाले आणि वाघ मोजणाऱ्यांनी त्या बाजारातून उचलले. शिरासने बंदुकीच्या जागी ठेवलेला कॅमेरा शंभर वर्षांनी पुन्हा बंदुकीच्या मदतीला गेला. हे इतकं वाढलं की जनावराला सुटायची संधीच उरत नाही, या कारणाने ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी केली.

*

वाट माणसाची आणि वाघाची एकच असते, हे चॅम्पियनने ओळखलं होतं. त्याचा दुसरा अर्थ आपण फार उशिरा वाचला. त्या वाटेवरच्या कॅमेऱ्यात माणूसही येतो.

त्रिशांत सिमलाई या संशोधकाने कॉर्बेटच्या परिसरात १४ महिने राहून, २७० जणांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बायका सरपणाला, गवताला रानात जातात. रान हे त्यांना घराबाहेर मोकळं बोलायचं, हसायचं, गाणं म्हणायचं ठिकाण. कॅमेरे लागल्यावर त्या गप्प झाल्या. काही जणी कॅमेरे टाळण्यासाठी आणखी आत जाऊ लागल्या, जिथे वाघाची गाठ पडण्याचा धोका जास्त. वाघ जवळ असेल तर माणसाचा आवाज हाच आधार असतो. तोच बंद झाला. एका बाईचा शौचाला गेली असतानाचा फोटो तर कुणीतरी मोबाइलवरून गावभर फिरवला. संतापलेल्या गावकऱ्यांनी आसपासचे कॅमेरे फोडले. यंत्र कुणी फोडलं याची बातमी होते, का फोडलं ते आतल्या पानावर जातं.

हे वाचलं तेव्हा मी अस्वस्थ झालो, कारण तोवर माझा कॅमेरा चाळीस दिवस ओढ्यावर होता आणि त्याचा निकालही लागला होता. निकाल असा: तरस एकदा, बिबट्या दोनदा. तरसाचा फोटो रात्री सव्वाएकचा, मान खाली घालून चाललेला. बिबट्या पहिल्यांदा नुसताच गेला. दुसऱ्यांदा पहाटे चारला थांबून थेट भिंगात पाहत होता. दोघेही इथलेच. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आहे. हरणं-सांबरं नसलेल्या, भरवस्तीच्या, उसाच्या मुलखात त्यांना १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे मिळाले, आणि तरसही जवळपास तितकेच. म्हणजे म्हातारे आणि तरुण, दोन्ही पक्ष बरोबर होते. कालवड कुणी नेली हे मात्र कॅमेऱ्याने सांगितलं नाही. तो कालवड गेल्यानंतर बांधला होता, आणि गेलेल्या रात्रीही तो तिथे असता तरी गोठ्याकडे त्याचं तोंड नव्हतं. कोण गेलं एवढंच तो सांगतो, कशासाठी गेलं ते नाही.

मी हे पारावर समजावून सांगितलं. भिंगात पाहणाऱ्या बिबट्याचा फोटो मात्र मी हौसेने दोघांना मोबाइलवर पाठवला होता. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला, ‘कालवड खाणारा हाच’ अशा ओळीसह. माझ्या नोंदवहीत तारीख होती, वेळ होती, कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते होतं. फोटोबरोबर त्यातलं काहीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरल्या चुलतभावाच्या घरच्या वहिनी आल्या. उंबऱ्याशीच उभ्या राहून त्यांनी विचारलं, “भावजी, ते यंत्र माणसाचाबी फोटू काढतं का?”

काढतं, म्हणालो. खोटं बोलायची सोय नव्हती. पहाटेच्या फोटोंत पाच-सहा वेळा बायका होत्या. डोईवर पदर, हातात विळा किंवा डबा. मी ते पाहिले होते आणि ‘निरुपयोगी’ म्हणून पुढे सरकलो होतो. काढून टाकले नव्हते. त्यांच्यासमोरच कार्ड संगणकात घातलं, बायका असलेला प्रत्येक फोटो त्यांना दाखवून पुसला. त्या काही बोलल्या नाहीत. तरसाच्या फोटोवर मात्र थांबल्या. “हे होय. हे तर कायमच आसतंय. आम्हाला बघून बाजूला व्हतं.”

“आणि बिबट्या?”

“त्यो मंगळवारी बाजारचा दिस आसला की येत न्हाई. लई वर्दळ आसती त्या राती.”

हे माझ्या चाळीस दिवसांच्या नोंदींत कुठेच नव्हतं. मी विचारलं, मग कॅमेरा लावू कुठे?

“वढ्याच्या पल्याड जांभळीखाली लावा. तिकडं आमी कुणी जात न्हाई. आन्‌ त्यांची खरी वाट तिकडूनच हाय, हितून तर ती कधीमधी येत्यात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतः जागा दाखवायला आल्या. जांभळीच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर पट्टा आवळला, तोंड उत्तरेला केलं, समोरचं गवत वहिनींनीच विळ्याने कापलं. सकाळी कार्डावर चार फोटो होते: दोन आमचे, परत जातानाचे, आणि दोन साळिंदराचे.